भांडवलशाही मोडायची म्हणजे नेमकं काय मोडायचं?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एक निकाल दिला. वादाचं मूळ मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींत होतं. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर सरकार ती इमारत संपादित करून रहिवाशांच्या सहकारी संस्थेला देऊ शकतं, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळते. मालकांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. प्रश्न वाढत वाढत इथवर आला: संविधानाच्या कलम ३९(ब) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं असं म्हटलंय, तर त्या साधनसंपत्तीत प्रत्येकाची खासगी मालमत्ताही येते का?

बहुमताचं उत्तर असं की सरसकट येत नाही, काही मालमत्ता येऊ शकते. ती कोणती, हे तिचं स्वरूप, तिची टंचाई, समाजावरचा परिणाम आणि ती मोजक्या हातांत एकवटली तर काय होतं, हे पाहून ठरवायचं. त्यानंतर वीस दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, त्याच न्यायालयाने उद्देशिकेतला ‘समाजवादी’ शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली. अनेक वाचकांचा गोंधळ इथेच झाला. एका निकालाने समाजवाद संपवला आणि दुसऱ्याने वाचवला, असं कसं?

असं काही झालेलं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेच्या उपसमितीला दिलेल्या निवेदनात पायाभूत उद्योग, विमा आणि शेती सरकारी मालकीची असावी, असं सुचवलं होतं. पण १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानात ‘समाजवादी’ शब्द घालायची सूचना आली, तेव्हा त्यांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे भांडवलशाही ठेवायची की मोडायची हा निर्णय आपल्याकडे खुला आहे. तो घ्यायचा तर आधी मोडायची वस्तू कोणती, ते नीट पाहायला हवं.

बाजार वेगळा, भांडवलशाही वेगळी

आठवडे बाजार हजारो वर्षं भरतोय. भांडवलशाही मात्र गेल्या तीन-चारशे वर्षांतली. तिच्यात चार गोष्टी एकत्र येतात. कारखाना, यंत्रं, जमीन, पैसा ही उत्पादनाची साधनं खासगी मालकीची असतात. बहुसंख्य लोकांकडे ही साधनं नसल्यामुळे ते मजुरीवर काम करतात. काय बनवायचं आणि किती, हे बाजारातल्या किमतीवरून ठरतं. आणि चौथी गोष्ट अशी की नफा पुन्हा धंद्यात घालावाच लागतो, कारण जो घालत नाही त्याला शेजारचा मागे टाकतो.

यातली मालकीची बाजू ज्याने अर्धेलीने जमीन कसली आहे त्याला लगेच समजेल. कष्ट, बैल, वेळ कसणाऱ्याचा, तरी निम्मं पीक मालकाच्या खळ्यावर जातं. त्याने त्या हंगामात काय केलं म्हणून हे होत नाही, सातबारा त्याच्या नावावर आहे म्हणून होतं. कारखान्यातही शेअर ज्याच्या नावावर, शिल्लक त्याची.

हे चार भाग सुटे होऊ शकतात. मालकी बदलून बाजार ठेवता येतो, तसाच बाजार काढून मजुरी ठेवता येते. विसाव्या शतकात दोन्ही झालं. म्हणून ‘भांडवलशाही रद्द करा’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारावा की चारातला कोणता भाग?

किंमत काढून टाकली तेव्हा

सर्वांत मोठा प्रयोग रशियात झाला. १९१८ ते १९२१ या यादवीच्या काळात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाने, उद्योग ताब्यात घेतले, खासगी व्यापारावर बंदी घातली आणि शेतकऱ्यांचं जादाचं धान्य सक्तीने उचलायला सुरुवात केली. शेतकऱ्याने साधं गणित केलं: जे वरचं पिकेल ते जाणार, तर घरापुरतंच पेरू. शहरं उपाशी पडू लागली, पेत्रोग्रादची वस्ती वीस लाखांवरून सात लाखांच्या आसपास आली. मार्च १९२१ मध्ये पेत्रोग्रादजवळच्या क्रोनश्टाट तळावरच्या नौसैनिकांनी उठाव केला. त्याच महिन्यात लेनिनने माघार घेतली. धान्यवसुलीच्या जागी ठरावीक कर आला आणि उरलेलं धान्य बाजारात विकायची मुभा मिळाली.

१९२८ पासून स्टालिनने पंचवार्षिक योजना आणि सक्तीची सामूहिक शेती आणली. अवजड उद्योग झपाट्याने उभे राहिले हे खरं, पण १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, हेही तितकंच खरं. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात उपासमारीने झालेल्या मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. भांडवलशाहीच्या जागी काय आणायचं, याची चर्चा करणाऱ्याने हे आकडे टाळून पुढे जाऊ नये.

उपासमार हे टोक झालं. रोजच्या कामातला बिघाड वेगळा होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मॉस्कोतलं नियोजन मंडळ कारखान्याला उद्दिष्ट द्यायचं. पत्र्याचं उद्दिष्ट टनांत दिलं की कारखाना जाड पत्रा काढायचा, कारण त्यात वजन लवकर भरतं. चौरस मीटरमध्ये दिलं की पत्रा पातळ व्हायचा. शिवाय यंदा उद्दिष्टापेक्षा जास्त काढलं तर पुढच्या वर्षी उद्दिष्टच वाढणार. म्हणून व्यवस्थापक खरी क्षमता लपवायचा आणि कच्चा माल गरजेपेक्षा जास्त मागून साठवायचा. वरच्यांना मिळणारी आकडेवारी अशी खालूनच बिघडलेली असायची. त्याच देशात सामूहिक शेतातल्या कुटुंबांना घरामागे जे छोटे तुकडे दिले होते, ते लागवडीखालच्या जमिनीच्या ३-४ टक्के होते, आणि शेतीच्या एकूण उत्पादनाचा जवळपास पाव हिस्सा त्यांतून यायचा.

किमतीचं काम इथे कळतं. कांद्याचा भाव वाढतो तेव्हा कुठे गारपीट झाली हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, तरी तो कांदा जपून वापरतो. कुणी हुकूम न देता लाखो लोक आपापला खर्च बदलतात. या कामाला पर्याय न शोधता किंमत काढून टाकली, की तुटवडा आणि रांगा आल्याच.

‘पण आता संगणक आहेत ना?’

हा आक्षेप हल्ली पुष्कळदा येतो, आणि तो पोकळ नाही. चिलीत अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने १९७१ मध्ये सरकारी कारखाने टेलेक्सच्या जाळ्याने जोडायचं काम सुरू केलं होतं. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला, तेव्हा कुठला रस्ता मोकळा आहे आणि कुठे माल अडकलाय हे या जाळ्यावरून कळत होतं, आणि सरकारने मोजक्या ट्रकांवर पुरवठा चालू ठेवला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाबरोबर तो प्रयोगही संपला.

संगणकाने हिशेब जलद होतो, यात वाद नाही. पण रशियातली अडचण फक्त बेरीज-वजाबाकीची नव्हती. खरा आकडा सांगून ज्याचं नुकसान होतं, तो खोटाच आकडा भरणार, मग यंत्र कितीही मोठं असो. संकटाच्या चार आठवड्यांत सगळे एका हेतूने खरं सांगतात. वर्षानुवर्षं सांगतील अशी व्यवस्था कुणी उभी करून दाखवलेली नाही.

हळूहळू, मतदानाने?

स्वीडनला समाजवादी देश म्हणायची सवय आहे. तिथले कारखाने मात्र बहुतांश खासगीच आहेत. भारी कर आणि मजबूत कामगार संघटना यांमुळे नफ्याचं वाटप बदलतं, मालकी बदलत नाही.

ती बदलायचा प्रयत्न तिथे एकदा झाला. १९७६ मध्ये कामगार महासंघाने रुडॉल्फ मेडनर या अर्थतज्ज्ञाची योजना स्वीकारली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के रकमेइतके नवे शेअर काढून ते कामगारांच्या सामूहिक निधीला द्यायचे. रोख पैसा कंपनीबाहेर जात नाही, गुंतवणूक थांबत नाही, फक्त मालकी सरकत राहते. वीस-पस्तीस वर्षांत बहुमत कामगारांच्या निधीकडे आलं असतं. मालकवर्गाने हे बरोबर ओळखलं. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये हजारो लोकांचा मोर्चा निघाला. कायदा झाला, पण इतका पातळ करून की मूळ हेतू त्यात राहिलाच नाही, आणि १९९१ मध्ये आलेल्या सरकारने निधी गुंडाळले.

मला ही योजना आजवरच्या सगळ्या आराखड्यांत सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. ती चालली नसती असं सिद्ध झालेलं नाही. ती चालू दिली गेली नाही, आणि तिच्या बाजूने रस्त्यावर उतरण्याइतकी आस्था सामान्य कामगारालाही वाटली नाही. शेअर निधीच्या नावावर, निधी संघटनेच्या ताब्यात, मग माझं काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

‘मालक नसेल तर कारखाना चालवणार कोण?’

स्पेनच्या बास्क भागात मोंद्रागोनला १९५६ पासून कामगारच मालक असलेले कारखाने चालू आहेत. आज त्या समूहात सुमारे ७० हजार लोक काम करतात. वरच्या आणि खालच्या पगारात साधारण सहापटीचं अंतर असतं. तेव्हा मालकाशिवाय धंदा चालत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

पण बाजार कुणाला सोडत नाही. या समूहातली फागोर ही घरगुती उपकरणं बनवणारी संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. अनेक सभासद-कामगारांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. फागोरच्या पोलंडमधल्या कारखान्यातले कामगार मात्र सभासद नव्हते, ते नोकर होते, आणि त्यांच्या वाट्याला ही सोय आली नाही. ही रेघ लक्षात ठेवावी, कारण तीच महाराष्ट्रात जास्त ठळक आहे.

आपल्या शिवारातला प्रयोग

१९५० साली प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. तोवर खासगी साखर कारखानदार उसाला हवा तो भाव द्यायचे, कारण तोडलेला ऊस थांबत नाही. चोवीस तासांत गाळला नाही तर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. शेतकऱ्याच्या या अडचणीवरच कारखानदाराची कमाई होती. उत्तर असं निघालं की कारखानाच ऊसवाल्यांचा असावा. शेअर कितीही असोत, सभासदाला एकच मत. भांडवल शेतकऱ्यांचे शेअर, सरकारी भागभांडवल आणि कर्ज यांतून उभं राहिलं.

म्हणजे चार भागांतला पहिला, भांडवलदाराची मालकी, इथे खरोखर काढला गेला, तोही निवडणुका आणि न्यायालयं चालू असताना. जगात अशी उदाहरणं फार नाहीत. यातून शाळा, दवाखाने, उपसा सिंचन योजना, रस्ते झाले. पुढे काय बिघडलं ते एका टनाच्या हिशेबात दिसतं.

एक टन ऊस

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच किमान दर. टनाला झाले ३,५५० रुपये. १०.२५ टक्के उतारा म्हणजे एका टनातून १०२.५ किलो साखर. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. त्या दराने साखर विकली तर हाती येतात ३,१७७ रुपये ५० पैसे. उसाचेच पैसे निघत नाहीत, मग पगार, व्याज, दुरुस्ती कुठून? प्रत्यक्षात साखरेचा भाव बहुधा यापेक्षा वर असतो, आणि मळीपासून इथेनॉल, बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) वीज अशी जोड मिळते. ज्या कारखान्याकडे ही जोड नाही, त्याचं गणित मात्र जुळत नाही.

कायद्याने पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. थकले की साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली. मग संचालक मंडळ एकाकडून घेऊन दुसऱ्याला भागवतं, कर्ज साठतं. त्यातच गरजेपेक्षा जास्त नोकरभरती, निवडणुकीच्या तोंडावर वरचा भाव, महाग खरेदी हे मानवी दोष. राज्यातले अनेक सहकारी कारखाने कर्जवसुलीत लिलावाने विकले गेले, पुष्कळ खासगी मालकांकडे गेले. अलीकडच्या हंगामांत राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने चालतात, आणि त्यांतले जवळपास निम्मे खासगी आहेत.

यावरून ‘सहकार म्हणजे भ्रष्टाचार’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. खासगी कारखानेही एफआरपी थकवतात. सहकाराने मालकी बदलली. साखरेचा भाव, व्याज आणि शेजारच्या कारखान्याशी उसासाठी होणारी स्पर्धा त्याच्या हातात कधी नव्हतीच. आणि मजुरी हा दुसरा भाग तर त्याने जसाच्या तसा ठेवला.

ज्याला मत नाही

ऊस तोडणारे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा भागांतून येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडलेल्या टनांतून फेडायची. एखादा दिवस आजारपणात गेला की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही संपानंतर.

२०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार महिला ऊसतोड कामगारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीत किंवा दुखण्यात सुट्टी घेतली की खाडा, फडावर पाणी आणि संडास नाही, उचल डोक्यावर. या परिस्थितीत शस्त्रक्रिया हाच उपाय म्हणून त्यांच्यापुढे ठेवला गेला. त्यांनी तोडलेला ऊस सहकारी कारखान्यांतही गेला आणि खासगी कारखान्यांतही. मालक कोण आहे, याने त्यांच्या दिवसात काही फरक पडला नाही.

म्हणून माझं मत असं आहे: किंमत आणि बाजार सरसकट मोडायच्या मागे लागू नये, त्याची किंमत गरिबांनीच मोजली आहे. खासगी मालकी जिथे मोडता येते तिथे मोडावी, पण नव्या मालकांच्या यादीत सर्वांत खालचा माणूस आहे की नाही, हे आधी पाहावं. तो नसेल, तर त्याच्यापुरती भांडवलशाही आहे तशीच राहते.

सभासदत्व द्यायचं तर कसं

दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना १२० दिवस चालला तर ६ लाख टन ऊस लागतो. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो, हंगामात २४० टन. म्हणजे सगळी तोडणी हाताने धरली तर अडीच हजार कोयते, पाच हजार माणसं. त्यांना ‘नाममात्र सभासद’ करून उपयोग नाही, कारण कायद्याने नाममात्र सभासदाला मत नसतं. मताचा अधिकार असलेला वर्ग करायचा तर पोटनियम दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून निबंधक म्हणून साखर आयुक्तांकडे नोंदवावी लागेल. सभेत आज फक्त ऊसवाले बसतात, म्हणून हे आपणहून होणार नाही. सरकारी भागभांडवल आणि थकहमी देताना राज्याने ही अट घालावी.

शेअरची रक्कम कामगाराकडून एकदम मागितली तर तीही उचल होईल. टनामागे दहा रुपये कारखान्याने स्वतःच्या खर्चातून कामगाराच्या नावावर जमा केले, तर कोयत्याचे हंगामाला २,४०० रुपये होतात आणि कारखान्याला खर्च येतो ६० लाख. शेअर १०,००० रुपयांचा धरला तर चार-पाच हंगामांत तो पूर्ण होतो. त्यासाठी वजनाची पावती कोयत्याच्या नावावर निघाली पाहिजे. आज हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि तिथेच टन हरवतात. पैसे नवरा आणि बायको दोघांच्या वेगळ्या खात्यांत गेले, तर मत आणि शेअरही दोघांचे वेगळे धरता येतील.

यावर शेतकरी सभासद म्हणेल की तोडणी महागली तर माझ्याच एफआरपीतून कापली जाणार. बरोबर आहे, आज तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून वजा होतो. म्हणून हे दहा रुपये साखर, इथेनॉल आणि विजेच्या उत्पन्नातून वेगळे काढावे लागतील, आणि ज्या कारखान्याचं गणित आधीच जुळत नाही तिथे हे जमणार नाही. सुरुवात इथेनॉल प्रकल्प असलेल्या, कर्ज कमी असलेल्या कारखान्यांपासूनच करावी लागेल.

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. तोडणी यंत्रं शिवारात येऊ लागली आहेत. कोयता सभासद असेल तर यंत्राने वाचलेल्या मजुरीत त्याचा वाटा मागता येईल, यंत्र चालवायचं प्रशिक्षण आधी कुणाला द्यायचं यावर त्याला सभेत बोलता येईल. सभासद नसेल, तर एका दिवाळीला मुकादमाची गाडी गावात येणार नाही, एवढंच त्याला कळेल.